व्हीआरएसचा एक्झॉस्ट बदलला, बाहेर मस्त पण आत आवाज घुमतोय, काय करू?

चौथा_गिअर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगतो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

गाडी ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, २०१७ची, दोन लिटर टर्बो पेट्रोल, सहा गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली आणि तेव्हापासून जीव की प्राण आहे. कंपनीचा आवाज मला फारच दबका वाटायचा, म्हणून दिवाळीआधी कॅटच्या (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचं सगळं बदलून घेतलं. तीन इंची एसएस पाइप, मधला रेझोनेटर (आवाज दाबणारा भाग) काढून तिथे सरळ नळी, आणि मागे गोल स्ट्रेट-थ्रू मफलर, म्हणजे आरपार नळीचा सायलेन्सर. डाउनपाइप (टर्बोला जोडलेला पहिला पाइप) आणि कॅट कंपनीचेच, त्यांना हात लावलेला नाही.

बाहेरून ऐकायला काय सुरेख वाटते सांगू! बोगद्यात काच खाली केली की अंगावर काटा येतो. पण गेल्या आठवड्यात आईबाबांना घेऊन नाशिकहून नागपूरला गेलो. सिन्नरजवळ गोंद्याला समृद्धीवर चढलो, क्रूझ लावला आणि १०५ ते ११५च्या मध्ये कुठेतरी गाडी अशी काही घुमायला लागली की बोलणंच बंद. मोठा आवाज असा नाही, पण छातीत आणि कानात दाब आल्यासारखं. मला पुढे त्यातल्या त्यात सहन होत होतं. आई मागे बसलेली, जालना यायच्या आधीच म्हणाली डोकं जड झालंय, कानात दडे बसलेत. परत येताना तिने कानात कापूस घातला होता. आरशात ते दिसलं आणि मला खरंच फार वाईट वाटलं.

मोबाइलवर डेसिबलचं अ‍ॅप लावलं तर ६८-६९ दाखवतं, म्हणजे फार नाही. ज्यांनी काम केलं त्यांचं म्हणणं स्पोर्ट एक्झॉस्ट म्हटल्यावर एवढं चालायचंच, नाहीतर पूर्ण फ्लोअरला डॅम्पिंग शीट मारून घ्या, अठरा हजार. मारू का? की व्हॉल्व्हवाला मफलर घेऊ? की सगळं काढून कंपनीचं परत बसवू? बाहेरचा आवाज जमेल तेवढा ठेवायचाय, पण आई मागे झोपली पाहिजे.

घाटमाथा
कंपनीचं परत लावा आणि मोकळे व्हा. मी आधीच्या गाडीत दोन वर्षं हेच सहन केलं, पुणे-मुंबई दर आठवड्याला, शेवटी बायको म्हणाली मी शिवनेरीने जाते. लिफ्टबॅक गाडीत तर डिकी आणि केबिन एकच खोली असते, सेडानसारखी मध्ये भिंत नाही.

तेरा_नंबर_पाना
चौथा_गिअर, शीट मारायची घाई करू नका, आधी गाडी तपासा. माझं रोजचं काम एक्झॉस्ट फॅब्रिकेशनचंच आहे म्हणून सांगतो, घुमण्याच्या दहा तक्रारींतल्या दोन-तीन निव्वळ टेकण्याच्या निघतात.

होतं काय की गाडी गार असताना रॅम्पवर पाइप बसवतात, चेसिसपासून बोटभर गॅप दिसतो, सगळे खूश. पण ३०४ स्टील तापलं की चांगलंच वाढतं. तीन मीटरची लाइन तीनशे डिग्रीने तापली तर साधारण पंधरा मिलिमीटर लांब होते, साधं लोखंड असतं तर अकराच्या आसपास. मग तीच लाइन मागच्या क्रॉसमेंबरला (खालच्या आडव्या पट्टीला) नाहीतर हीटशील्डला टेकते आणि इंजिनचं सगळं कंपन थेट बॉडीत. आणि गार करून बघायला गेलं की परत गॅप!

तेव्हा अर्धा तास हायवेला चालवा, तशीच गरम रॅम्पवर घ्या आणि टॉर्च मारून बघा, घासलेला चकचकीत डाग दिसतो. हातमोजे घाला. दुसरं, पाइप टांगणाऱ्या हँगरचे रबर कंपनीचेच आहेत की कडक पॉलियुरेथेनचे टाकलेत? कडक रबर दिसायला भारी, पण रेसट्रॅकसाठी ठीक, घरच्या गाडीला नाही. तिसरं, डाउनपाइपजवळची जाळीदार लवचिक बेलो जागेवर आहे ना? इंजिन हलतं तेव्हा तीच ते हलणं गिळते. काही लोक ती कापून सरळ पाइप वेल्ड करतात, असं काम कुणाकडूनही करून घेऊ नका.

आणि टायरचा आवाज नाही ना एवढं बघा. त्याच स्पीडला पाचवा गिअर टाका. घुमणं आरपीएमबरोबर (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांबरोबर) सरकलं तर एक्झॉस्ट, स्पीडला चिकटून राहिलं तर टायर किंवा बेअरिंग.

फोंडेकार
एक साधी गोष्ट राहिली. या गाडीत पुढच्या काचेखाली साउंडॅक्टर असतो, इंजिनचा आवाज केबिनमध्ये मुद्दाम मोठा करणारं कंपन-यंत्र. इंडिव्हिज्युअल मोडमध्ये जाऊन इंजिन साउंड नॉर्मल किंवा इको करून बघा. नवा एक्झॉस्ट आणि वर हे, दोन्ही एकत्र ऐकताय तुम्ही. पैसे शून्य, दोन मिनिटांचं काम.

वऱ्हाडी_टर्बो
डॅम्पिंग शीटचं मी करून पायलं भाऊ. सगळी गाडी खोलली, चारही दरवाजे, फ्लोअर, डिकी, बुटाइल शीट, वरून फोम. तीस-बत्तीस किलो वजन वाढलं असन गाडीचं. दरवाजा लावला की कसा दणदणीत वाजते आता, टायरचा आवाज अर्धा झाला, गाणे ऐकायला मजा येते. पण ते घुमणं? जसंच्या तसं! उलट बाकीचं शांत झालं म्हणून ते जास्त जाणवाले लागलं. पैसे फुकट गेले असं नाही म्हणत, पण ज्या कामासाठी टाकले ते काम नाही झालं. तू नागपूरले आला होता तर सांगायचं ना, गाडी पायली असती.

ध्वनीलहरी
वऱ्हाडी_टर्बोंचा अनुभव अगदी बरोबर आहे आणि त्याला कारण आहे. माझं शिक्षण आणि काम ध्वनीतलं, त्यामुळे हा विषय निघाला की मला राहवत नाही. जरा आकडेमोड करू, अवघड नाही.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. म्हणजे आरपीएम भागिले ६० गुणिले २. तुमचा डीएसजी सहाव्या गिअरमध्ये ११०च्या आसपास २४०० ते २४५० दाखवत असेल. २४०० धरले तर ८० हर्ट्झ. आता गाडीचं केबिन म्हणजे एक बंद पेटी, तिची लांबी अडीच मीटर धरली तर तिचा स्वतःचा पहिला सूर ७० हर्ट्झच्या जवळपास पडतो, सीट-गाद्या-आकार यांनी थोडा इकडेतिकडे. पाइपमधून येणारा सूर आणि पेटीचा सूर जुळला की घुमतं, तंबोऱ्याची तार छेडल्यावर शेजारची त्याच सुरातली तार आपोआप हलते तसं. आणि या पहिल्या सुरात दाब पेटीच्या दोन टोकांना सगळ्यात जास्त असतो आणि मध्ये सगळ्यात कमी. ड्रायव्हरचं डोकं त्यातल्या त्यात मधल्या भागात येतं, मागच्या सीटवरचं डोकं टोकाकडे. तुम्हाला पुढे सहन होत होतं आणि आईंना नाही, त्याचं हे कारण. त्यांना जे जाणवलं ते खरंच तुमच्यापेक्षा जास्त होतं.

डेसिबलचं अ‍ॅप ६८ दाखवतं कारण ते ए-वेटिंग लावून, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे खालचे सूर कमी धरून मोजतं. ए-वेटिंग ८० हर्ट्झला तब्बल साडेबावीस डेसिबल वजा करतं! म्हणजे ज्या आवाजाने कानात दडे बसतात तोच त्या आकड्यातून गाळलेला असतो. अ‍ॅपमध्ये सी-वेटिंग (खालचे सूर फारसे न गाळणारं) असेल तर ते लावा, आणि त्याहून चांगलं म्हणजे स्पेक्ट्रम, म्हणजे कुठला सूर किती मोठा ते दाखवणारं फुकटचं अ‍ॅप घ्या. फोनचा माइक खालच्या सुरात थोडा कच्चा असतो, पण शिखर कुठल्या हर्ट्झवर आहे ते नीट कळतं आणि आपल्याला तेवढंच हवंय.

आता शीट का चालत नाही. बुटाइल शीट पत्र्याचं थरथरणं मारते, फोम वरचे सूर खातो. ८० हर्ट्झची लहर हवेत चार मीटरहून लांब असते, पाच मिलिमीटरच्या फोमला ती जुमानतच नाही. तुमच्या गोल मफलरचंही तेच. भोकं पाडलेली नळी आणि भोवती लोकर, तो तीनशे-चारशे हर्ट्झच्या वरचा कर्कशपणा छान काढतो, खालचं तसंच सोडून देतो. कंपनीच्या डब्यात आत खोल्या असतात, लांब नळ्या असतात, तो मोठा आणि जड असतो तो उगाच नाही. आणि तुमचा जो मधला रेझोनेटर काढला तोही लाइनचाच ट्यून केलेला भाग होता.

उपाय एकच सूर पकडून मारण्याचा. मेन पाइपला एक फांदी काढायची, दुसरं टोक बंद. लहर आत जाते, बंद टोकाला आपटून परत येते, आणि फांदीची लांबी लहरीच्या पाव असेल तर परत येताना बरोबर उलटी होऊन मूळ लहरीला खोडते. याला लोक जे-पाइप म्हणतात. त्यातून गॅस वाहत नाही, त्यामुळे पॉवरला धक्का नाही, बाहेरचा आवाजही फारसा बदलत नाही, फक्त तो एक सूर जातो. लांबी म्हणजे ध्वनीचा वेग भागिले (चार गुणिले हर्ट्झ). गोम वेगात आहे. गरम गॅसमध्ये ध्वनी वेगात जातो, शंभर डिग्रीला सेकंदाला ३८७ मीटर, दोनशेला ४३६. फांदी बंद असल्याने आतला गॅस मेन पाइपपेक्षा गार राहतो, म्हणून ८० हर्ट्झला १२१ ते १३६ सेंटिमीटरच्या मध्ये कुठेतरी तुमचं उत्तर आहे. कागदावर यापेक्षा नेमकं निघणार नाही, गाडीवरच ठरवावं लागेल. आणि फांदी टेलपाइपच्या तोंडाशी काढू नका, तिथे दाबच नसतो, ती काही करणार नाही.

तेरा_नंबर_पाना
+१. त्यात हाताने काम करणाऱ्याच्या दोन गोष्टी. पाइप लांब कापा, १४० घ्या, टोकाला वेल्ड न करता सरकती टोपी आणि क्लॅम्प लावा. चालवा, ऐका, छाटा, परत चालवा. जास्त कापलं तर परत वाढवायची पंचाईत. अंडरबॉडीत एवढी सरळ जागा मिळत नाही, पण वळवून मेन पाइपला समांतर आणली तरी चालते, मधली लांबी मोजायची. आणि बंद टोक कधीही खाली नको. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं वाफेचं, ते बंद टोकात साचून राहिलं तर वेल्ड आतून खातं. टोक किंचित वर ठेवा म्हणजे पाणी मेन पाइपकडे ओघळेल. वेल्डिंग आर्गनचंच.

सह्यकडा
व्हॉल्व्हवाला का नको? बटण दाबलं की शांत, घाटात उघडा. मला तर तेच बेस्ट वाटतं.

तेरा_नंबर_पाना
चांगल्या प्रतीचा असेल तर छान. पण स्वस्तातल्यांची पाकळी वर्षभरात कार्बन आणि पाण्याने अडकते, मग अर्धवट उघडी राहून पत्र्याचा खडखडाट. आणि व्हॉल्व्ह बंद केल्यावर गॅस कुठून जातो ते बघा, त्या वाटेवर खोलीवाला मफलर नसेल तर बंद करूनही घुमणारच.

कोर्टनाका
धागा आवाज आतला कमी करण्याचा आहे, पण बाहेरच्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. नऊ सीटपर्यंतच्या प्रवासी गाडीला नियमाने ७४ डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती ए-वेटिंगनेच मोजतात, म्हणजे वरचे सूर तिथे पकडले जातात. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हेच स्पष्ट केलं. आवाज-प्रदूषणाचं कलम १९०(२) लागलं तर २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, कैदेची तरतूद आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. पीयूसीमध्ये आवाज मोजत नाहीत म्हणून पीयूसी पास म्हणजे सगळं पास असं समजू नका. बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली जाताना आपण सगळ्यांनी पाहिलेत. कॅट जागेवर ठेवलात हे फार चांगलं केलंत. कंपनीचा मागचा डबा जपून ठेवलाय का?

नेकारकाठ
इथे जर्मनीत बाजारातला सायलेन्सर लावायचा तर त्याला मंजुरी लागते, आर ५९ नावाचा बदली सायलेन्सरचा नियमच आहे, आणि मंजुरीचा शिक्का डब्यावर कोरलेला असतो. पोलीस थांबवून बघतात. त्यामुळे चांगल्या कंपन्या घुमण्याची चाचणी आधीच करून विकतात, कारण ऑटोबानवर तासन् तास एकाच आरपीएमला चालवणारा माणूस दुसऱ्या दिवशी डबा परत आणून देईल. आपल्याकडे समृद्धीमुळे तशी सलग चालवण्याची वेळ आता आलीय, गावात आणि घाटात हे कळतच नाही कारण आरपीएम एका जागी टिकत नाही.

चौथा_गिअर
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. रविवारी केलेलं सांगतो.

साउंडॅक्टर इको केला. पुढची गुरगुर बरीच कमी झाली, घुमणं आहे तसंच. मग मावसभाऊ मागे फोन धरून बसला, हेडरेस्टच्या उंचीवर, आणि मी २००० ते ३००० हळूहळू नेलं. २४५०ला स्पेक्ट्रममध्ये ८१-८२वर सुळका, बाकी सगळं सपाट! पाचव्या गिअरमध्ये कमी स्पीडला पण २४५०लाच तेच. ध्वनीलहरी, तुम्ही गाडी न बघता सांगितलंत.

गरम रॅम्पवर घेतली तर मागच्या क्रॉसमेंबरपाशी चकचकीत डाग, नखाएवढा. पानेसाहेब, शब्दशः तुम्ही म्हणालात तसंच. हँगरही कडक लाल पॉलियुरेथेनचे निघाले, ते काढून कंपनीचे काळे रबर टाकले आणि पाइप दीड बोट खाली घेतला. सीटखाली जी झिणझिण यायची ती पूर्ण गेली. घुमणं थोडं कमी, पण आहे.

कोर्टनाका, डबा माळ्यावर आहे, गोणपाटात गुंडाळून. मधला रेझोनेटर मात्र ज्यांनी काम केलं त्यांनी भंगारात टाकला, मी मागितला तेव्हा नव्हता. विचार असा आहे की मागे कंपनीचा डबा परत लावायचा, मधली तीन इंची नळी ठेवायची आणि जे-पाइप काढायचा. बाहेरचा आवाज थोडा जाईल, मन जरा खट्टू होतंय, पण दर नाक्यावर धाकधूक नको.

ध्वनीलहरी
आधी नुसता डबा लावून मोजा. जे-पाइप त्यानंतर. नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

घाटमाथा
आणि पॉवर? तीन इंचीने काही फरक पडला का?

चौथा_गिअर
खरं सांगू का, हाताला जाणवेल असं काही नाही. २३० पीएसला कंपनीची लाइन पुरेशी आहे, खरा अडथळा टर्बोच्या लगेच मागे असतो आणि तिथे कॅट आहे, त्याला मी हात लावणार नाही. मी हे आवाजासाठीच केलं होतं.

चौथा_गिअर
तीन आठवड्यांनी येतोय.

डबा लावला, ८१चा सुळका जवळपास निम्म्यावर आला. पुढच्या सीटवर कळतही नव्हतं, मागे मात्र अजून होतं. मग नाशिकच्या अंबडला एका फॅब्रिकेटरकडे अडीच इंची फांदी काढली, मागच्या एक्सलच्या पुढे, मेन पाइपला समांतर वळवून, टोक थोडं वर. सुरुवात १४०ला. पहिल्या फेरीत घुमणं २४५०वरून सरकून वरती गेलं, म्हणजे फांदी काहीतरी करतेय हे कळलं. १३४ला बरं. १३०ला छान. १२४ला परत वाईट. टोपी सरकवून १२७वर आणली तेव्हा मावसभाऊ मागून म्हणाला, फोन बंद पडला का, सुळकाच दिसत नाहीये. तिथेच आर्गनने बंद केलं. सामान आणि मजुरी मिळून नऊ हजार पाचशे गेले, शीटच्या निम्मे.

वर खेचली की अजूनही तो खर्जातला आवाज येतो, आधीइतका मोठा नाही पण भरीव, आणि मला तर आता जास्त आवडतोय. ३२००ला बारीक गुणगुण आहे, पण तिथे गाडी थांबत नाही.

काल आईला घेऊन शेगावला गेलो. गोंद्याला चढलो, ११०वर क्रूझ लावला, पाच मिनिटांनी आरशात बघितलं तर खिडकीला डोकं टेकवून झोपलेली. मेहकरला उतरायच्या आधी उठवावं लागलं. कापूस पर्समध्ये होता तिच्या.

वऱ्हाडी_टर्बो
लय भारी भाऊ. ते १२७चं माया गाडीले चालन का? माई पण चार सिलिंडरच आहे.

तेरा_नंबर_पाना
आकडा उचलू नका, पद्धत उचला. तुमचं आरपीएम आधी शोधा.

इंद्रायणी_काठी
उशिरा आलो धाग्यावर. माझी एक लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल) आहे, तीन सिलिंडर. स्ट्रेट-थ्रू लावल्यापासून २४००लाच घुमते. मला किती लांबी लागेल?

ध्वनीलहरी
तीन सिलिंडरला फेऱ्याला दीडच स्फोट, म्हणजे २४००ला ६० हर्ट्झ. फांदी १६० ते १८० सेंटिमीटर जाईल, तुमच्या गाडीखाली ती बसवणं कठीण आहे. तुम्हाला बाटलीसारखा बंद डबा आणि आखूड मान असलेला हेल्महोल्ट्झ रेझोनेटर बघावा लागेल, जागा कमी घेतो. पण त्याआधी मधला रेझोनेटर तुमच्याकडे अजून आहे का? असेल तर भंगारवाला यायच्या आधी तो घरी आणा आणि मागच्या सीटवरून स्पेक्ट्रमचा फोटो टाका, मग बोलू.